तानपुऱ्यातली खरखर

आमचा सीडी प्लेअर गेल्या पावसाळ्यात गेला. आधी घरी लिहिलेल्या सीडी वाचेनासा झाला, मग विकतच्याही. तापकीर गल्लीतल्या दुरुस्तीवाल्यांनी तो उघडून पाहिला आणि म्हणाले, "ताई, लेझर संपलंय. हे युनिट आता मिळत नाही. जे मिळतं ते नकली, दोन महिने टिकेल." त्यांनी पैसेही घेतले नाहीत.

घरात बाबांच्या सीडींचं एक कपाट आहे. बहुतेक ख्यालगायन, थोडी नाट्यगीतं, थोडी सारंगी. ती ऐकायची सोय करणं भाग होतं. सगळ्या सीडी कॉम्प्युटरवर कॉपी करण्याचं काम मी सुट्टीत हातात घेतलं. 'एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी' हा मोफत प्रोग्राम त्यासाठी चांगला. जगभरात इतरांनी केलेल्या त्याच सीडीच्या कॉपीशी आपली कॉपी तो ताडून पाहतो. बाबांच्या मराठी सीडींपैकी कितीतरी त्या यादीत नव्हत्या. तिथे प्रत्येक सीडी दोनदा वाचून दोन्ही वेळचे आकडे जुळतात का ते बघावं लागलं. वेळ गेला, पण पुढे याचाच उपयोग झाला. आवाजात काही बिघाड ऐकू आला तरी तो फायलीत नाही, एवढं मला ठाम सांगता येत होतं.

सीडी प्लेअरच्या जागी रास्पबेरी पाय ३ हा पत्त्यांच्या जोडाएवढा कॉम्प्युटर ठेवला. गाणी नेटवर्कवरच्या हार्ड डिस्कवर. पायच्या यूएसबीला एक स्वस्त अॅडप्टर, त्यातून कोअॅक्सियल केबलने जुना डॅक, तिथून अॅम्प्लिफायर.

डॅक म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. सीडीवर आवाज आकड्यांच्या रूपात असतो. सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा. १९८२ साली सीडी बाजारात आली तेव्हापासून हे प्रमाण बदललेलं नाही. या आकड्यांपासून परत विजेची लहर तयार करतो तो डॅक. माझा डॅक फिलिप्सच्या टीडीए १५४३ या जुन्या चिपवर कुणा हौशी माणसाने बांधलेला, वापरलेलाच घेतलेला. सीडी प्लेअरबरोबर त्याने बरीच वर्षं सुरेख साथ दिली होती.

नवी जोडणी झाली आणि पहिल्याच संध्याकाळी मन खट्टू झालं. तीन गोष्टी खटकत होत्या. गाणं थांबलं की स्पीकरमधून बारीक घुमणारा आवाज यायचा. मधूनच एखादा 'टिक' व्हायचा. आणि सगळ्यात त्रासदायक म्हणजे तानपुरा खरखरीत वाटायचा. मी काही वर्षं गाणं शिकले आहे. जवारी नीट लागलेल्या तानपुऱ्यात स्वरांचा एक झोत असतो, वरचे स्वयंभू स्वर एकामागून एक उमलत जातात. तो झोत होता, पण त्याच्यावर काहीतरी परकं बसलं होतं. बाबांना हे आवडलं नसतं, असं सारखं वाटत राहिलं.

एका ऑडिओच्या दुकानात गेले. दुकानदाराने सगळं ऐकून घेतलं आणि निदान केलं, "मॅडम, हा जिटर आहे. कॉम्प्युटरमधून आला की होतोच." उपाय म्हणून त्याने महागडी डिजिटल केबल आणि 'रीक्लॉकर' नावाचा डबा सुचवला. दोन्हींची किंमत मिळून माझ्या अॅम्प्लिफायरपेक्षा जास्त होत होती. डबा त्याने घरी ऐकून बघायला दिला, हे मात्र चांगलं केलं.

तो लावण्याआधी मी आमच्या सोसायटीतल्या काकांना गाठलं. ते टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले आहेत आणि त्यांची अर्धी नोकरी एक्स्चेंजमध्ये गेली आहे. जिटर म्हणताच ते खुलले. "अगं, आम्ही जन्मभर त्याच्याशीच झटलो. तीस फोनकॉल एका दोन मेगाबिटच्या लाइनवर जायचे. आकडे बरोबर यायचे, पण वेळेवर यायचे नाहीत. तू आधी एक सांग, तुझ्या डॅकला घड्याळ कोण दाखवतं?"

हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारलेला नव्हता. काकांनी कागदावर काढून दाखवलं. सीडीचे दोन नमुने सुमारे २२.७ मायक्रोसेकंदांच्या अंतराने बाहेर पडायला हवेत. आकडा अचूक असूनही तो किंचित आधी किंवा किंचित उशिरा बाहेर पडला, तर लहरीचा आकार बिघडतो. हे मागे-पुढे होणं म्हणजे जिटर. मोजायचं एकक नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाचा शंभर कोटीवा भाग. कोअॅक्सियल किंवा ऑप्टिकल केबलमध्ये घड्याळाची वेगळी तार नसते. आकडे आणि ठोके एकाच प्रवाहात गुंफलेले असतात, आणि डॅकमधल्या रिसीव्हर चिपला ते ठोके शोधून काढावे लागतात. पाठवणारा डळमळला की घेणाराही डळमळतो. माझ्या डॅकमधली क्रिस्टल कंपनीची सीएस ८४१२ ही चिप तर सुमारे २५ किलोहर्ट्झच्या खालचं डळमळणं तसंच पुढे जाऊ देते.

"पण तुझ्या तिन्ही तक्रारी जिटरच्या नाहीत," काका म्हणाले. "जिटर गाणं वाजत असतानाच बोलणार. गाणं थांबल्यावर जे ऐकू येतं ते दुसरंच आहे. एकेक वेगळी काढ."

मी कनिष्ठ महाविद्यालयात फिजिक्सची प्रयोगशाळा सांभाळते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे रोज मुलांना सांगते. तसंच करायचं ठरवलं.

आधी घुमणं. अॅम्प्लिफायरच्या मागच्या केबल एकेक करून काढत गेले. टीव्हीची केबल काढली आणि आवाज थांबला. ती परत लावून सेट-टॉप बॉक्समधून डिशची केबल उपसली, तरी थांबला. डिशची केबल गच्चीवरून येते, तिथे तिची जाळी लोखंडी खांबाला टेकलेली असते. अॅम्प्लिफायरचं अर्थिंग भिंतीतल्या थ्री-पिन सॉकेटमधून. दोन जागी अर्थ मिळाला की मध्ये एक वेटोळं तयार होतं, त्यातून ५० हर्ट्झची वीज फिरते आणि स्पीकरमधून ऐकू येते. पायचा किंवा जिटरचा त्यात काही संबंध नव्हता. टीव्ही नेमका त्याच आठवड्यात अॅम्प्लिफायरला जोडला होता, म्हणून सगळं एकत्र सुरू झालं.

यावर सर्रास सांगितला जाणारा उपाय म्हणजे अॅम्प्लिफायरच्या प्लगची अर्थची पिन काढून टाकणं. तो कुणीही करू नये. आतली तार सुटून डब्याला लागली तर हात लावणाऱ्याचा जीव जाईल. मी टीव्हीच्या ऑप्टिकल आउटपुटमधून डॅकच्या ऑप्टिकल इनपुटला प्लास्टिकची केबल टाकली. तिच्यातून उजेड जातो, वीज जात नाही, त्यामुळे वेटोळं आपोआप तुटतं. केबल अगदी स्वस्तातली आहे.

मग 'टिक'. पाय ३ मध्ये नेटवर्कची जोडणी आणि यूएसबीची सगळी भोकं एकाच अंतर्गत मार्गावरून जातात. गाणं नेटवर्कवरून येतं आणि त्याच वेळी त्याच वाटेने अॅडप्टरकडे जातं. एक अल्बम पायच्या मेमरी कार्डवर कॉपी केला, नेटवर्कची केबल काढली आणि रात्री जेवणं होईपर्यंत वाजवला. एकही टिक नाही. केबल लावून नेटवर्कवरून वाजवला की पुन्हा सुरू. २०१९ मध्ये आलेल्या पाय ४ मध्ये या दोन वाटा वेगळ्या केल्या आहेत. भाच्याकडे एक पडून होता, तो आणला. तेव्हापासून टिक ऐकलेला नाही.

राहिली खरखर. इथे मला सगळ्यात जास्त वेळ लागला आणि इथेच सगळ्यात जास्त शिकायला मिळालं.

काकांनी सांगितल्याप्रमाणे मी आधी चाचणीचे स्वर वाजवले. भाचा घरी गाणी रेकॉर्ड करतो, त्याचा ऑडिओ इंटरफेस मागून आणला आणि डॅकचा आउटपुट त्यात घातला. 'रूम ईक्यू विझार्ड' नावाचा मोफत प्रोग्राम आहे, तो आवाजातले सगळे स्वर आलेखावर उभे करून दाखवतो. ५ किलोहर्ट्झचा एकच शुद्ध स्वर वाजवला. आलेखात ५ वर उंच रेघ आली, ती यायलाच हवी होती. पण ८.९ किलोहर्ट्झवरही एक रेघ उभी होती, मूळ स्वरापेक्षा फक्त ३६ डेसिबलने खाली. हा स्वर कुठून आला? ५ च्या दुपटीत, तिपटीत तो बसत नाही. २ किलोहर्ट्झचा स्वर वाजवला तर सोबत ५.९ चा आगंतुक.

काकांना फोनवर आकडे वाचून दाखवले. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "४४.१ मधून ५ वजा कर. आलेला आकडा ४८ मधून वजा कर." उत्तर आलं ८.९. दोनचं गणित केलं, ५.९. दोन्ही जुळले.

म्हणजे पाय सीडीचे ४४,१०० नमुने बदलून ४८,००० करत होता. पायच्या प्रणालीत एक छोटी फाइल असते. गाणं वाजत असताना किती नमुने बाहेर जाताहेत ते तिच्यात दिसतं. तिथे स्वच्छ ४८,००० लिहिलेलं होतं. कॉम्प्युटरला अनेक आवाज एकत्र मिसळता यावेत म्हणून ते सगळे एका वेगावर आणायची सोय आत असते. ती घाईने, दोन नमुन्यांमध्ये सरळ रेघ ओढून मधले आकडे भरत होती. कामात कसूर नाही, पण संगीतासाठी ती पद्धत फार ढोबळ आहे. तानपुऱ्याला वरचे स्वर भरपूर. त्यातल्या प्रत्येक स्वराला असा एक बेसूर सोबती मिळत होता. तबल्यात हे लपून जातं. तानपुरा सतत वाजतो, म्हणून तिथे ते उघडं पडतं.

प्लेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन आवाज थेट अॅडप्टरकडे जाईल, मध्ये कुणी हात लावणार नाही, असं निवडलं. फाइल पुन्हा उघडली तर आकडा ४४,१००. ८.९ ची रेघ नाहीशी झाली. मग किशोरीताई आमोणकरांचा भूप लावला. तानपुरा स्वच्छ होता. मी तो अल्बम शेवटपर्यंत ऐकला आणि त्या दिवशी स्वयंपाकाला उशीर झाला.

ज्यांच्याकडे विंडोज किंवा अँड्रॉइड आहे त्यांनीही हे एकदा बघून घ्यावं. तिथेही आवाज आपोआप दुसऱ्या वेगावर नेला जातो. विंडोजवरच्या चांगल्या प्लेअरमध्ये 'वासापी एक्स्क्लुझिव्ह' असा पर्याय असतो, तो निवडला की मधली मिसळ टळते.

एवढं झाल्यावर खरा जिटर किती आहे ते बघायची इच्छा झाली. ज्युलियन डन या ब्रिटिश इंजिनिअरने त्यासाठी एक खास चाचणी तयार केली होती, तिला 'जे-टेस्ट' म्हणतात. सीडीच्या वेगाला तिच्यात ११,०२५ हर्ट्झचा स्वर असतो आणि सोबत अगदी तळाचा बिट सुमारे २३० हर्ट्झने उघडझाप करत असतो. जिटर असला की मुख्य रेघेच्या दोन्ही बाजूंना लहान रेघा उभ्या राहतात. माझ्या आलेखात त्या होत्या. सगळ्यात मोठी जोडी मुख्य स्वरापासून १०० हर्ट्झवर, ८४ डेसिबल खाली. गणित केलं तर सुमारे दोन नॅनोसेकंद.

१०० हा आकडा बोलका आहे. आपली वीज ५० हर्ट्झची. ती डीसी करताना उरतो तो १०० हर्ट्झचा तरंग. म्हणजे डॅकच्या आतला वीजपुरवठाच घड्याळाला हलवत होता. तापकीर गल्लीतल्या त्याच दुरुस्तीवाल्यांकडे डॅक नेला. त्यांनी वीजपुरवठ्यातले मोठे कपॅसिटर तपासले. दोन फुगलेले, बाकीचे वाळलेले. १०५ डिग्रीचे नवे बसवले, मागच्या आरसीए सॉकेटवरचा हिरवा थरही साफ करून दिला. खर्च शे-दोनशे रुपयांच्या घरात. घरी येऊन मोजलं तर त्या रेघा बारा डेसिबलने खाली गेल्या होत्या. म्हणजे दोनाचा अर्धा नॅनोसेकंद झाला.

मग दुकानदाराचा रीक्लॉकर लावला. आमच्या बिल्डिंगच्या टाकीसारखं त्याचं काम चालतं. महापालिकेचं पाणी कमी-जास्त दाबाने येवो, टाकीतून नळाला एकसारखं जातं. हा डबा आकडे साठवतो आणि स्वतःच्या चांगल्या घड्याळावर पुढे सोडतो. आलेखात फरक दिसला. मुख्य रेघेचा पायथा आणखी निमुळता झाला. डबा सांगितलेलं काम करतो, यात शंका नाही.

प्रश्न होता तो कानाला कळतो का. दोन्ही बाजूंचा आवाज आधी सारखा करून घेतला. एक किलोहर्ट्झचा स्वर लावून स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टीमीटर धरायचा आणि व्होल्टेज जुळवायचं. हे फार महत्त्वाचं आहे. किंचित मोठा आवाज नेहमी जास्त छान वाटतो, आणि तो मोठा आहे हे कळतही नाही. मी डोळे मिटून बसले. मुलगी मागे उभी राहून कधी डबा जोडायची, कधी काढायची, कधी नुसतंच जोडल्यासारखं करायची आणि वहीत लिहायची. माझी उत्तरं आणि तिची वही यांचा मेळ नाणं उडवून आला असता तेवढाच आला. मला फरक ऐकायचा होता. डबा देखणा होता, आलेखही छान होता. पण कानाला कळला नाही.

नंतर वाचलं तेव्हा त्याचं कारण समजलं. १९९८ मध्ये डॉल्बीच्या बेंजामिन आणि गॅनन या दोघांनी माणसांवर प्रयोग केले होते. खास निवडलेल्या उंच शुद्ध स्वरांवर दहा नॅनोसेकंदांच्या आसपासचा जिटर ओळखता आला, संगीतात त्याहून बराच जास्त लागला. २००५ मध्ये जपानात अशिहारा आणि सहकाऱ्यांनी कसलेल्या श्रोत्यांना संगीत ऐकवलं. अनियमित जिटर असेल तर तो कळायला काही शे नॅनोसेकंद लागले. जिटरचा परिणाम स्वर जितका उंच तितका मोठा होतो. तानपुऱ्याचा मुख्य जोर त्या मानाने खूप खाली असतो. माझा दोन नॅनोसेकंदांचा जिटर खरा होता, मोजता येत होता, पण खरखर त्याची नव्हती.

डबा परत केला. दुकानदाराला ८.९ चं गणितही दाखवलं. त्याने ते वहीत उतरवून घेतलं.

तरीही मी शेवटी नवा डॅक घेतला, आणि कशासाठी घेतला तेही सांगते. माझ्या जुन्या डॅकमध्ये डिजिटल फिल्टर नाही. अशा रचनेत वरचे स्वर उतरत जातात. १० किलोहर्ट्झला पाऊण डेसिबल, २० ला तीनपेक्षा जास्त. ख्यालात ते गोड लागतं, पण सारंगीच्या गजाचा कस आणि घुंगरांची चमक कमी होते. शिवाय अॅडप्टर, केबल आणि तिसरा वीजपुरवठा हे लचांड नको झालं होतं. दहा हजारांच्या आतला, थेट यूएसबीला जोडायचा डॅक घेतला. घेताना एकच अट ठेवली, यूएसबी 'असिंक्रोनस' हवी. जुन्या अॅडप्टरमध्ये कॉम्प्युटर ज्या वेगाने आकडे पाठवेल त्याच्यामागे धावावं लागायचं. असिंक्रोनसमध्ये घड्याळ डॅकच्या आत, चिपच्या शेजारी असतं, आणि डॅकच कॉम्प्युटरला जास्त पाठव, कमी पाठव असं सांगतो. काकांच्या प्रश्नाचं उत्तर या रचनेत सरळ मिळतं. जे-टेस्ट लावली तर बाजूच्या रेघा इतक्या खाली गेल्या की त्यातल्या डॅकच्या किती आणि भाच्याच्या इंटरफेसच्या किती, हे वेगळं काढता येईना.

मुलीला पुन्हा मागे उभं केलं. या वेळी सारंगीवर मी नवा डॅक बहुतेक वेळा ओळखला, गायनावर ओळखता आला नाही. सारंगीवर जे ओळखलं ते वरच्या स्वरांच्या उताराने, असं माझं मत आहे. जुना डॅक टाकला नाही. तो आता फक्त टीव्हीला लावला आहे.

एक आवाज मात्र एवढं करूनही उरला होता. संध्याकाळी स्पीकरमधून कर्र असा बारीक आवाज यायचा, सकाळी नाही. संध्याकाळी हॉलचा पंखा मंद केलेला असतो. तिथे गोल फिरवायचा, पायऱ्या नसलेला रेग्युलेटर होता. तो विजेची लहर मध्येच कापून वेग कमी करतो आणि त्याची कुरकुर वायरिंगमधून सगळीकडे पसरते. पायऱ्यांचा, आत कपॅसिटर असलेला रेग्युलेटर इलेक्ट्रिशियनने दहा मिनिटांत बसवून दिला. ज्यांच्याकडे जुना चौकोनी लहरीचा इन्व्हर्टर आहे त्यांना वीज गेल्यावर असाच आवाज येईल. त्याला उपाय साइन वेव्हचा इन्व्हर्टर, डॅक बदलून तो जात नाही.